घरकुल अडते ते जागेपाशी आणि जोत्यापाशी

आमच्या मासिकात बी-बियाणे, खते, बाजारभाव यांची चर्चा नित्य होते. परंतु ज्यांच्या हातांनी पीक घरी येते त्या मजुरांच्या घरांविषयी चार ओळीही क्वचितच येतात. अचलपूर तालुक्यातील गावांतून संध्याकाळी फेरी मारावी. गावठाणाच्या कडेला, ई-क्लास जमिनीवर, कुडाच्या भिंती आणि टिनाचे छप्पर अशी घरे दिसतात. त्यांत राहणारेच सकाळी आमच्या कपाशीत निंदणास व संत्र्याच्या बागेत तोडणीस येतात.

सरकार पैसा देत नाही असे म्हणता येणार नाही. १९८५ साली इंदिरा आवास योजना निघाली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेने घेतली. तीत सपाट प्रदेशातील घरास १,२०,००० रुपये ठरले व घर निदान २५ चौरस मीटरांचे असावे असा नियम झाला. अनुसूचित जातींकरिता रमाई व जमातींकरिता शबरी या राज्याच्या योजना निराळ्या आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने घरकुलाच्या अनुदानात ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली. मग घरे अडतात कोठे? महसूल खात्यात कारकुनी करता करता आमचे केस पिकले. त्या अनुभवावरून सांगतो की, ती दोन ठिकाणी अडतात : जागेपाशी आणि जोत्यापाशी.

प्रथम जागेचे पाहू. एका सालदाराचे घरकुल मंजूर झाले होते, पण बांधावयास स्वतःची जागा नव्हती. त्याच्या अर्जावर ‘जागा उपलब्ध नाही’ असा शेरा आम्हीच आमच्या हाताने लिहिला. शेरा नियमास धरून होता. पुढल्या पावसाळ्यात त्याची झोपडी बसली आणि तो बायकामुलांसह गाव सोडून गेला. त्या शेऱ्याची आठवण आम्हांस अद्यापि सुखाने झोपू देत नाही.

ई-क्लास जमीन का देत नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे अपवाद सोडून नियमित करू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. तो योग्यच आहे. चराई गेली तर आमचीच गुरे उपाशी राहतील. तेव्हा गावठाणात जागा शिल्लक नसेल तेथे ती शेतकऱ्याकडूनच यावयास हवी.

१९४७ च्या तुकडेबंदी कायद्याकडे बोट दाखवून आम्ही आजवर हात वर करीत आलो. ती सबब आता उरली नाही. २०२४ साली नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यास १,००० चौरस फुटांपर्यंत जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने देता येऊ लागली. शिवाय जागा फुकट द्यावी असेही नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागाखरेदीची योजना राज्याने २०१५ साली काढली. तिचे साहाय्य आरंभी ५०,००० रुपये होते. पुढे ते १,००,००० पर्यंत वाढविण्यात आले. म्हणजे घेणाऱ्यास साहाय्य आहे, देणाऱ्यास मुभा आहे; उणीव आहे ती देणाऱ्याच्या मनाची.

आता जोत्याचे. अनुदान एकरकमी मिळत नाही. पहिला हप्ता १५,००० रुपयांचा. पुढचा हप्ता काम वर आल्याचे दिसल्यावाचून निघत नाही. जुनी झोपडी पाडून बसलेल्या मजुराने विटा, गिट्टी, सिमेंट व गवंडी यांचा खर्च तोपर्यंत कोठून करावा? योजनेत ७०,००० रुपयांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे, पण तारणास काही नसलेल्या माणसास बँकेची पायरी उंच वाटते. मग तो सावकाराकडे जातो, आणि घराचा पैसा व्याजात जातो.

यावर आमची सूचना अशी. प्रत्येक गावच्या सभासदांनी विकलेल्या कापसाच्या दर क्विंटलामागे १० रुपये स्वखुशीने बाजूस काढावे. वीस क्विंटल विकणाऱ्यावर २०० रुपयांचा भार पडेल; असे शंभर सभासद मिळाले तर २०,००० रुपये होतात. एका घराच्या जोत्याची नड त्यातून बिनव्याजी भागवावी, आणि पुढचा हप्ता जमा होताच ती रक्कम परत घेऊन दुसऱ्यास द्यावी. पैसा तोच, पण तो फिरता राहील. हिशेब दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

कोणी म्हणेल, कापसास भाव नाही, आम्हीच कर्जात, मजुरीही वाढली. हा उपद्‌व्याप कशाला? तक्रार खोटी नाही. परंतु गावात घर नसलेला मजूर गावात टिकत नाही, आणि वेचणीच्या दिवसांत मजुरासाठी धावाधाव आमचीच होते. मात्र येथे एक पथ्य अवश्य पाळावे. जागा दिली म्हणून त्या माणसाने आमच्याच शेतावर राबले पाहिजे, अशी अट उघड वा मनात ठेवू नये. घर त्याच्या व त्याच्या पत्नीच्या नावे, काम त्याच्या मर्जीचे. घर देऊन माणूस बांधून ठेवणे ही वेठच होय.

गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले. स्वतःस घर न ठेवता त्यांनी लोकांच्या वर्गणीवर पंढरपूर, नाशिक येथे परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्याच गावच्या माणसास आसरा देण्यास आम्हांस हजार चौरस फूट जड का वाटावे? आमच्या शेताच्या गावाकडील धुऱ्यालगत तेवढी जागा निघते. ती मोजून घेऊन एका भूमिहीनास देण्याचा आमचा निश्चय झाला आहे. प्रत्येक गावातून निदान एका सभासदाने असे केले, तर ‘जागा उपलब्ध नाही’ हा शेरा लिहिण्याची पाळी पुढल्या कारकुनावर कमी वेळा येईल.