पाटीवर कारागिराचंही नाव हवं

स्थलांतरावरच्या कलाप्रदर्शनांत कापड आणि काच हटकून भेटतात. कारण उघड आहे. घर सोडताना माणूस कपड्यांचं गाठोडं उचलतो, आणि काच फुटते. धागा म्हणजे नाती, काच म्हणजे ठिसूळ आयुष्य, अशी चार वाक्यं पाटीवर लिहिली की मांडणाऱ्याचं काम भागतं आणि पाहणाराही थोडा हळवा होऊन चहाला जातो. माझा आक्षेप या सोयीला आहे. कापड आणि काच ही प्रतीकं होण्याआधी कुणीतरी हातांनी घडवलेली असतात, आणि ते हात पुष्कळदा स्वतःच कुठून तरी आलेले असतात. ते कुठून आले आणि का आले, हे सांगायचं टाळलं तर स्थलांतर हा प्रदर्शनाचा विषय नावापुरताच राहतो.

मोना हतूम यांच्या कामात या दोन्ही वस्तू आहेत, म्हणून त्यांचंच उदाहरण घेऊ. बैरुतला पॅलेस्टिनी कुटुंबात १९५२ साली जन्मलेल्या हतूम १९७५मध्ये लंडनला गेल्या असताना लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि त्या तिकडेच अडकल्या. त्यांच्या ‘मॅप’ (१९९९) या कामात काचेच्या पारदर्शक गोट्यांनी जमिनीवर जगाचा नकाशा मांडलेला आहे. गोट्या चिकटवलेल्या नाहीत, त्यामुळे कुणी जवळून चाललं तरी एखादी सरकते आणि एखाद्या देशाचा किनारा बदलतो. कल्पना लखलखीत आहे, पण त्या गोट्या कुठल्याही चालल्या असत्या. ‘ट्वेल्व्ह विंडोज’ (२०१२-१३) या कामाचं तसं नाही. लेबनॉनमधल्या निर्वासित छावण्यांतल्या पॅलेस्टिनी बायकांना भरतकामातून रोजगार देणाऱ्या ‘इनाश’ या संस्थेबरोबर हतूम यांनी ते केलं. पॅलेस्टाइनच्या बारा भागांतले नमुने भरलेली बारा चौकोनी कापडं खोलीभर आडव्यातिडव्या ताणलेल्या पोलादी तारांवर लाकडी चिमट्यांनी टांगलेली असतात. पाहणाऱ्याला वाकून, वळसा घालून पुढं सरकावं लागतं. ज्या मुलखात परत जाता येत नाही, तिथला टाका इथं छावणीतल्या बोटांनी राखला आहे, आणि कामाच्या श्रेयात हतूम यांच्या बरोबरीनं इनाशचंही नाव आहे. मला हे काम ‘मॅप’पेक्षा मोठं वाटतं ते याचमुळे.

हीच कसोटी आपल्याकडे लावली तर चित्र फारसं बरं दिसत नाही. गुजरातेतलं कपडवंज हे भरतकामातल्या आभल्यांच्या काचेचं जुनं ठिकाण. वितळलेली काच फुंकून मोठा गोळा करायचा, त्याच्या आतून चंदेरी मुलामा फिरवायचा, मग गोळा फोडून त्याचे बारीक तुकडे कापायचे, अशी ती रीत. त्यामुळे जुन्या आभल्याला किंचित बाक असतो आणि कारखान्यातल्या सपाट आरशासारखं चोख प्रतिबिंब त्यात पडत नाही. कच्छच्या रबारी पशुपालकांचं आरशाचं भरतकाम जगभरच्या संग्रहालयांत आहे. पण त्यांच्यातल्या ढेबरिया शाखेच्या पंचांनी १९९५मध्ये आपल्याच बायकांच्या भरतकामावर बंदी घातली, कारण लग्नासाठीचं भरतकाम पुरं होईपर्यंत मुलींचं सासरी जाणं लांबत होतं. ही हकिकत पाटीवर क्वचितच येते. बंजाऱ्यांचंही तेच. काचा-कवड्यांनी मढवलेली फेटिया-कांचळी पेटीत ठेवून खाली ‘भटक्या समाजाचा पारंपरिक पोशाख’ एवढंच लिहायचं. बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या या लोकांचा धंदा रेल्वेनं बुडवला, १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही भागांत त्यांच्या फिरण्यावरच पहारा बसवला, आणि आज मराठवाड्यातल्या कितीतरी तांड्यांवरची माणसं दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. यातलं काहीच त्या पेटीजवळ सापडत नाही.

यावर कलावंत म्हणतील, प्रदर्शन म्हणजे कामगार खात्याचा अहवाल नव्हे, माहितीच्या ओझ्यानं काम मरतं. चिनी कलावंत आय वेवे यांचं ‘लाँड्रोमॅट’ (२०१६) मला याचं उत्तर वाटतं. ग्रीसच्या सीमेवरची इदोमेनी इथली निर्वासितांची छावणी उठवल्यावर मागे राहिलेले कपडे त्यांनी धुऊन, इस्त्री करून न्यूयॉर्कमध्ये ओळीनं टांगले. हे कपडे इदोमेनीचे आहेत हे कळलं नाही तर ते जुन्या कपड्यांचं दुकान वाटेल. सगळी ताकद त्या एका माहितीत आहे. याच आय वेवेंनी त्या वर्षी एका भारतीय नियतकालिकासाठी समुद्रकिनाऱ्यावर पालथं पडून आलान कुर्दी या बुडालेल्या मुलासारखी पोज दिली, आणि त्यावर टीका झाली ती रास्तच होती. कपड्यांपाशी ते बाजूला उभे राहिले होते, इथं दुसऱ्याच्या जागी स्वतःच आडवे झाले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: जुन्या वस्तूंमागची नावं कुणी नोंदवलीच नाहीत, आता आणायची कुठून? नाव नसेल तर गाव लिहावं, वस्तू कुणाकडून आणि कोणत्या साली घेतली ते लिहावं, विणणाऱ्याला काय मिळालं हे ठाऊक असेल तर तेही. मुंबईत काळाचौकीच्या बंद गिरणीत वस्त्रसंग्रहालय उभारण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. तिथं सोलापुरी चादर लागेल तेव्हा ती विणणारी पद्मशाली घराणी तेलंगणातून आली हे त्याच पाटीवर हवं. मालेगाव-भिवंडीचं कापड लागेल तेव्हा १८५७नंतर आजच्या उत्तर प्रदेशातून निघालेल्या मोमीन विणकरांची वाट हवी. पाट्या मराठी-इंग्रजीत असतीलच. या दोन दालनांपुरत्या त्या तेलुगू आणि उर्दूतही लावाव्यात. खर्च नगण्य आहे, आणि पाहायला येणाऱ्यांत ज्यांच्या घरात माग होता ती माणसंही असणार आहेत.