प्रेक्षकाचे मत कोण मोजतो?

शिवाजी पेठेत कोणत्याही विषयावर मत नसलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. फुटबॉलच्या सामन्यापासून महापालिकेच्या कारभारापर्यंत प्रत्येक गोष्टीचा निवाडा इथल्या कट्ट्यांवर होतो. २०१६ साली या खटल्यांत एकाची भर पडली. ‘झी मराठी’ वाहिनीवर सायंकाळी साडेसातला ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सुरू झाली. पैलवान राणा आणि शिक्षिका अंजली ही तिची नायक-नायिका. जवळच्याच वसगडे गावातील एका वाड्यात तिचे चित्रीकरण होई आणि तो वाडा पाहायला लांबून माणसे येत. २०२१ च्या आरंभी मालिका संपली, पण तिचा विषय निघाला की निवृत्ती चौकात आजही आवाज चढतात.

आपल्या कार्यकर्त्यांना हा विषय क्षुद्र वाटतो. दूरचित्रवाणीवरील मालिका म्हणजे लोकांना गुंगवून ठेवणारे साधन, तिच्यावर बोलण्यात वेळ कशाला दवडायचा, असे आपण गृहीत धरतो. मालिका काय करते याविषयी आपले निदान बरेचसे बरोबर असेल. परंतु मालिका पाहणारा माणूस काय करतो हे पाहण्याची तसदी आपण घेतलेली नाही.

पेठेतल्या गप्पा थोडा वेळ ऐका. एक वयस्क पैलवान म्हणतात, “पैलवान म्हणजे अडाणी, कुणीबी फसवावा असा, हे कुणी ठरवलं? तालमीत अक्कल बी लागती.” धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी विचारतात, “शिकलेली बाई घरात आली, तिला जावेचं कारस्थान रोज दुसऱ्या दिवशीच कसं काय कळतंय?” उसाची दोन एकर शेती सांभाळणारा एक तरुण म्हणतो, “एवढी जमीन दाखवली, पण रातच्या विजेवर पाणी पाजायला कोण जातंय ते कधी ध्यानात राहील असं दाखवलंय का?” ही केवळ करमणुकीची बडबड नव्हे. पहिल्या बोलण्यात श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, दुसऱ्यात स्त्रीच्या बुद्धीचा आणि तिसऱ्यात श्रम झाकून ठेवणाऱ्या संपत्तीचा. आपण अभ्यासवर्गात जे प्रश्न फळ्यावर लिहितो, तेच इथे राणाच्या आणि वहिनीसाहेबांच्या निमित्ताने चहाच्या कपाबरोबर चर्चिले जातात.

अशा बोलण्याला कधीकाळी पत्ता होता. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. देशभरातून लोकांनी पत्रे लिहिली. त्यांची संख्या लाखांत गेली. बडकीने काय करावे, घरातल्या दारुड्या बापाशी कसे वागावे, यावर माणसे आपली मते टपालाने कळवीत होती. आरंभी कुटुंबनियोजनाचा उपदेश कथेवर स्वार झाला होता. लोकांना तो रुचला नाही आणि लेखकाला आपली वाट बदलावी लागली. सोशीक आई भगवंतीचे चित्र रंगविताना स्त्रीने असे झिजू नये हे सुचविण्याचा कर्त्यांचा हेतू होता. पण पुष्कळ प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियांनीही, तिलाच आदर्श मानले. यातून दोन धडे मिळतात. उपदेश केला म्हणून माणसे बदलत नाहीत हा पहिला. आणि प्रेक्षक कोऱ्या पाटीसारखा नसतो, त्याच्या मनावर आधीच बरेच लिहिलेले असते, हा दुसरा. आपल्या प्रचारसभांनाही हे दोन्ही धडे तंतोतंत लागू पडतात.

‘हम लोग’ सरकारी वाहिनीवर होती आणि सरकारी माध्यमाचे सारे दोष तिला चिकटले होते. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण पत्र लिहिणाऱ्याला निदान वाक्य लिहिता येत होते. आज त्याच्या मताचे काय होते? निवडक घरांत यंत्रे बसविलेली असतात. त्या घरांत कोणती वाहिनी किती वेळ चालू होती, याची ती नोंद करतात आणि त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो. जाहिरातीचा दर या आकड्यावर ठरतो आणि मालिकेचे आयुष्यही त्यावरच. माणूस मालिका आवडीने पाहत होता की कपाळाला हात लावून, हे त्या यंत्राला कळत नाही. शिव्या देत पाहिले तरी नोंद पाहिल्याचीच होते.

या मोजमापाचा परिणाम थेट कथेवर होतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. गुरुनाथला शिक्षा व्हावी आणि राधिकेला न्याय मिळावा, ही इच्छा पहिल्या काही महिन्यांतच घरोघरी बोलून दाखविली जात होती. ती पुरी झाली असती तर मालिका तिथेच आटोपली असती. म्हणून अपराधी वारंवार सापडतो आणि वारंवार सुटतो. प्रेक्षकाचा संताप हाच इथे कच्चा माल आहे आणि न्याय लांबविणे हाच नफा. अन्यायाची चीड येणे ही समाजवाद्याच्या दृष्टीने माणसाची सर्वांत मौल्यवान भावना. तिचे रोज अर्ध्या तासाचे हप्ते पाडून ती साबणाच्या जाहिरातीबरोबर विकली जाते. आणि रोज संतापून रोज निमूट झोपी जाण्याची सवय माणसाला लागते. माझा आक्षेप आहे तो या सवयीला.

कोल्हापूरकरांना हे अधिक बोचायला हवे. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. जमीन गमावून गिरणीत मजूर होणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा पडद्यावर आली तेव्हा बोलपट अजून जन्माला यायचा होता. ज्या गावाने भारतीय पडद्याला कर्जबाजारी शेतकरी दाखविला, त्या गावाची भाषा, तालीम आणि वाडा यांचा आज सजावटीसारखा उपयोग व्हावा, आणि आपण ‘चालतंय की’ म्हणून कौतुकाने मान डोलवावी, हे शोभत नाही.

मग मालिका बंद पाडाव्यात काय? मुळीच नाही. सेन्सॉरची कात्री मागणारे हात कोणाचे असतात हे आपण पुरते ओळखतो. मागणी वेगळी आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता सार्वजनिक असेल तर तिच्या वापराविषयी बोलण्याचा हक्कही सार्वजनिक आहे. त्या मालमत्तेवर मालिका उभी करणाऱ्याने मालकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. निदान प्रसारभारतीने आपल्या प्रादेशिक वाहिन्यांवर प्रेक्षकांना त्यांच्या शब्दांत बोलण्यासाठी नियमित वेळ द्यावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

परंतु मागणीपत्राच्या आधी करण्याजोगे एक काम आपल्या हातात आहे. पेठेतल्या एखाद्या तालमीत किंवा शाळेच्या वर्गात महिन्यातून एक संध्याकाळ प्रेक्षकांची बैठक भरवावी. बायकांनी आधी बोलावे. कार्यकर्त्याने भाषण करू नये, लिहून घ्यावे. कोणते पात्र पटले, कोणते खोटे वाटले आणि का, एवढेच विचारावे. ते टिपण वाहिनीकडे पाठवावे आणि आपल्या पत्रांतूनही छापावे. राणा भोळा का दाखविला असे विचारणारा पैलवान आणि अंजलीची बुद्धी कुठे गेली असे विचारणारी मावशी हे उद्या रेशनच्या रांगेविषयी आणि मजुरीच्या दराविषयी त्याच धिटाईने बोलू शकतात. त्यांना मत आहे. ते ऐकायला कोणी बसत नाही, एवढीच उणीव आहे, आणि ती भरून काढणे आपल्या आवाक्यात आहे.