ध चा मा करायला आता शनिवारवाडा लागत नाही

पोस्ट मोठी आहे. अर्धी वाचून प्रतिक्रिया देणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, विषय नेमका तोच आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात माणसाला दोन पत्ते असतात. एक आधार कार्डावरचा, दुसरा व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. सोसायटीचा ग्रुप, कंपनीच्या बसचा ग्रुप, शिफ्टचा, मुलांच्या शाळेचा, प्रभागाचा, गावाकडच्या भावकीचा. पाणी कधी येणार, चाकणच्या तळेगाव चौकात किती वेळ गाड्या अडकल्यात, फर्स्ट शिफ्टची बस गेली का, लाइट कधी येणार, सगळं तिथेच कळतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात होता. सभागृहच नाही म्हटल्यावर लोक भांडणार कुठे? ग्रुपवर. रस्ता, कचरा, टॅक्स, सगळे ठराव तिथेच मांडले गेले आणि तिथेच फेटाळले गेले.

म्हणून माझं म्हणणं असं की ग्रुपवर दुसऱ्याचा मागचा मेसेज कसा उचलायचा, त्याला धरून कसं बोलायचं, हा आता सार्वजनिक प्रश्न आहे. आणि आपण सगळे सुशिक्षित लोक त्यात सपशेल नापास आहोत.

सुरुवात साध्या गोष्टीपासून करू. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आलं. मी मोशीत राहतो. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी एक काका विचारतात, "आज पाणी आहे का?" लगेच एक ताई विचारतात, "टँकर सांगू का?" तिसरा विचारतो, "लिफ्टवाला येऊन गेला का?" आणि मग कुणीतरी लिहितो, "हो." कशाला हो? पाणी आहे, टँकर सांगा, की लिफ्टवाला येऊन गेला? टँकर दारात येतो तेव्हा नळालाही पाणी असतं, आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये सगळ्यांच्या माथी.

ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो धरून उत्तर देण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१६ पासून आहे. मेसेज बोटाने उजवीकडे सरकवायचा, तो खाली चौकटीत येतो. अर्धा सेकंद लागतो. सीएनसी मशीनवर मायक्रॉनमध्ये माप धरणारी माणसं आहोत आपण, आणि उत्तर मात्र हवेत सोडून देतो.

आता ही चौकटसुद्धा नीट ओळखून घ्या. तिच्यात नाव येतं, तारीख येत नाही. मेसेज लांब असला तर पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं बघायला त्यावर बोट ठेवून मूळ मेसेजपर्यंत जावं लागतं. किती जण जातात? कुणीतरी ऑगस्टमधला "उद्या पाणी येणार नाही" मार्चमध्ये उकरून काढतो, खाली लिहितो "बघा, परत तेच!" आणि अर्ध्या तासात चार विंगा बादल्या भरायला लागतात. खोटं कुणीच बोललेलं नसतं. फक्त तारीख गळालेली असते.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. यापुढचं नाही.

माझ्या ओळखीतला एक मुलगा, मराठवाड्यातला, चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होता. कंपनीचं नाव मी घेणार नाही. एका शनिवारी संध्याकाळी त्याने बसच्या ग्रुपवर लागोपाठ तीन मेसेज टाकले. आपण सगळे टाकतो तसेच, एक वाक्य तीन तुकड्यांत. पहिला: "उद्या संडे ड्युटीला कुणी येऊ नका." दुसरा: "सुपरवायझरचा फोन होता, लाइन बंद आहे." तिसरा: "मेंटेनन्स आहे, सोमवारी फर्स्ट शिफ्टला या." कुणीतरी फक्त पहिला मेसेज धरून उत्तर लिहिलं, "हा कोण सांगणारा?" आणि त्या उत्तराचा स्क्रीनशॉट ग्रुपबाहेर गेला. साहेबाच्या टेबलावर तो पोचला तेव्हा त्यात एकच वाक्य होतं: उद्या कुणी येऊ नका. पोरगा कामगारांना भडकावतोय, असा त्याचा अर्थ लागला. सोमवारी गेटवर त्याचा पास चालला नाही. कंत्राटी माणसाला ना नोटीस, ना चौकशी. "ठेकेदाराला विचार," एवढंच उत्तर. दोन दिवसांनी तिन्ही मेसेज दाखवले गेले, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, पण तोवर त्याच्या जागेवर दुसरा उभा होता.

ज्याने पहिला मेसेज उचलला त्याने एक अक्षरही बदललं नव्हतं. मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही. त्याने फक्त दोन वाक्यं मागे ठेवली.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे: ध चा मा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रातल्या "धरावे" या शब्दाचं "मारावे" केलं गेलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कितपत खरी यावर इतिहासकार वाद घालोत, पण अडीचशे वर्षं मराठी माणसाने ती जपली, कारण दुसऱ्याच्या लिहिण्यात हात घातला की माणूस मरतो, हे त्याला कळत होतं. तेव्हा निदान एक अक्षर खोडून दुसरं लिहावं लागत होतं. आता तेवढेही कष्ट नाहीत. अंगठ्याने क्रॉप केलं की झालं.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. त्यांनी २०१८ आठवावं. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. मुळात ती कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी पाटी दाखवून तसं सांगितलंही होतं. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे ढकलला. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने "फॉरवर्डेड" असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. कंपनीला जे करावं लागलं ते करून झालं. आपण आपल्यापुरतं काय बदललं?

"एवढं काय, स्क्रीनशॉट म्हणजे पुरावाच की," असं म्हणणाऱ्यांसाठी कोर्ट काय म्हणतं ते सांगतो. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १४ जुलै २०२० ला निकाल लागला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आहेच. म्हणजे आमदारकीच्या वादात कोर्ट विचारतं की ही प्रत आली कुठून, कोणी काढली. आणि पंधरा-वीस हजारांच्या नोकरीचा निकाल मात्र कापलेल्या चित्रावर, चहा संपायच्या आत.

याला दोन आक्षेप येतात. दोन्ही मांडतो.

पहिला: "अहो, बसमध्ये उभं राहून, एका हाताने टाइप करताना एवढे नियम कोण पाळणार?" बरोबर आहे, धावपळ आहे. पण मग मेसेज सरकवून उत्तर देणं हेच सोपं. उलट नीट न धरता लिहिलं की "कशाबद्दल?" "कोण?" "कधी?" असे आणखी वीस मेसेज येतात. वेळ तिथे जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो माझ्या कामगार मित्रांचा आहे. ते म्हणतात, स्क्रीनशॉट हे गरिबाचं एकमेव हत्यार आहे. साहेब रात्री अकराला मेसेज टाकतो, "उद्या डबल करा," आणि पगाराच्या दिवशी हात वर करतो. तेव्हा तो मेसेज जपून ठेवायचा नाही तर काय करायचं? जपायचाच. त्यावर माझं दुमत नाही. वरच्याचा हुकूम, धमकी, त्रास, बुडवलेला पगार, हे लपवण्यासारखं काही नाही. पण तोही पूर्ण जपा: तारीख, वेळ, आधीचे दोन आणि नंतरचे दोन मेसेज, नाव दिसेल असे. मूळ मेसेज फोनमधून उडवू नका. अर्धा तुकडा दाखवलात की साहेबाचा वकील पहिला प्रश्न विचारेल, "याच्या आधी काय होतं?" अर्धवट उचलण्याची सवय बलवानाला परवडते, कारण त्याला सिद्ध काही करायचं नसतं. ती सवय मोडण्यात आपला जास्त फायदा आहे.

आणि हे काही परदेशातून आणलेले मॅनर्स नाहीत. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवाल्यांनी शिष्टाचाराचं एक टिपण काढलं होतं, आरएफसी १८५५. उत्तर देताना मूळ संदेशाचा सारांश द्या, किंवा संदर्भ कळेल एवढा भाग ठेवा, असं त्यात होतं. चांगलंच आहे. पण चाकणहून आळंदी किती लांब? नकला करता करता ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ती शुद्ध करून घेतली आणि या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. आजही कीर्तनकार आधी अभंग म्हणतो, मग निरूपण करतो. अभंग कुठे संपला आणि बुवा कुठे सुरू झाले, हे शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळतं.

वादात कसं उचलायचं, तेही घरचंच उदाहरण आहे. बाबासाहेबांच्या "ॲनिहिलेशन ऑफ कास्ट"वर गांधीजींनी "हरिजन"मधून टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका पुस्तकातच परिशिष्ट म्हणून छापली आणि तिच्यानंतर आपलं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या पुस्तकात, स्वतःच्या खर्चाने. ज्याला आपल्या उत्तरावर भरवसा असतो त्याला समोरच्याचं वाक्य कापावं लागत नाही.

आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत पहिला विषय काय असतो? "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." म्हणजे आधी कोण काय बोललं ते सगळ्यांसमोर वाचायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, मग पुढे बोलायचं. वर्षातून एकदा जे जमतं ते रोज का जमू नये?

तर माझ्या मागण्या अशा.

एक, चारपेक्षा जास्त माणसं असलेल्या ग्रुपवर मेसेज धरल्याशिवाय "हो", "नाही", "चालेल" लिहू नका.

दोन, जुना मेसेज काढलात तर तारीख तुम्ही लिहा. ती चौकट लिहिणार नाही.

तीन, उचलताना संदर्भापुरतं उचला, पण अर्थ पूर्ण ठेवा. समोरच्याने तीन तुकड्यांत लिहिलं असेल तर तिन्ही. आणि लिहिणाऱ्यांनीही एक गोष्ट एकाच मेसेजात लिहावी.

चार, कुणाचं बोलणं ग्रुपबाहेर नेण्याआधी त्याला विचारा. अपवाद वर सांगितलेत.

पाच, ॲडमिन मंडळींनी हे ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवावं आणि अर्धं उचललेलं दिसलं की तिथेच विचारावं, "पूर्ण टाका." "माझ्यावर केस होईल, मी कशात पडत नाही," हे कारण सांगू नका. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. भीती कमी झाली असेल तर जबाबदारी थोडी वाढवा.

सहा, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. कंपन्यांचे एचआर, ठेकेदार, सोसायटीच्या कमिट्या: स्क्रीनशॉट बघून कुणाचा पास, पगार किंवा भाडेकरार थांबवू नका. माणसाला समोर बसवा, त्याच्या फोनवर मूळ मेसेज उघडा, वर-खाली सरकवून वाचा. पाच मिनिटं लागतील. लाइनवर एक पार्ट रिजेक्ट करायचा तरी तुम्ही कारण लिहून सही घेता, मग माणसाच्या बाबतीत एवढी घाई कशाची?

पटलं नसेल तर खाली जरूर लिहा. माझं जे वाक्य खटकलं ते पूर्ण घ्या आणि मग झोडपा. पोस्ट पुढे पाठवायची तर अख्खी पाठवा, कामगार मित्रांच्या आक्षेपासकट. तेवढा परिच्छेद कापलात तर उरलेली पोस्ट माझी नाही.