तांडेलकाकांची गाठ

दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावचे टपालवाले आधी बोटीवर खलाशी होते. हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही. टपालाच्या गठ्ठ्याला ते अशी गाठ मारत की मास्तर नखं मोडेस्तोवर झटायचे. हे बाजूला विडी ओढत मजा बघत आणि शेवटी एक टोक हलकेच खेचून सगळी सुतळी मोकळी करत. गाव त्यांना तांडेलकाका म्हणे, जरी बोटीवर त्यांना कुणी तांडेल केलं नव्हतं. १९७२ च्या १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड आला, तेव्हा दीपगृहाच्या उघडझापीवरून बंदर ओळखणाऱ्याला आकडे कसले शिकवता, असं ते मास्तरांनाच विचारून आले. मुंबईची मनीऑर्डर आली की घरोघर वाण्याची उधारी फिटायची, तेव्हाची ही गोष्ट. ती जुनी मनीऑर्डरही २०१५ मध्ये बंद झाली. पण त्यांचा खरा वात्रटपणा पत्रवाचनात. निरक्षर म्हाताऱ्यांना निळं आंतरदेशीय वाचून दाखवताना ते पदरची वाक्यं घालत. ‘आई, तुझ्या हातची कुळथाची पिठी फार आठवते,’ असं माझ्या काकाच्या पत्रातून त्यांनी आजीला ऐकवलं. काकाला कुळीथ लहानपणापासून खपत नसे. आजी काही बोलली नाही, नुसता पदर डोळ्यांना लावला. पुढचं पत्र आलं तेव्हा मी चांगला चौथीत होतो, घडाघडा वाचत होतो. तरी तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि तांडेलकाकांसाठी ओटीवर पाट मांडला.