मुद्दा मांडणं म्हणजे भांडण नव्हे

मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं आपण म्हणतो. पण नोकरीच्या ठिकाणी नुसतं रडून भागत नाही. काय हवं आणि कशाच्या आधारावर हवं, हे नीट सांगावं लागतं. हे आज सांगण्याचं कारण म्हणजे नवे कामगार कायदे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत सामावले. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत आता तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे, आणि कामगारांत बायकांचं जेवढं प्रमाण, निदान तेवढ्या बायका समितीवर. म्हणजे बोलायला जागा मिळाली. प्रश्न आहे तो तिथे जाऊन बोलायचं कसं, याचा.

समजा, एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला बायकांना पुरुषांपेक्षा रोज पन्नास रुपये कमी मिळतात. समान कामाला समान वेतन हा हक्क १९७६ च्या कायद्यानेच दिला होता, आता तो वेतन संहितेत आहे. पण तिथे जाऊन कुणी म्हणालं, "तुम्ही आम्हां बायकांवर नेहमीच अन्याय करता," तर साहेब विचारणार, "नेहमी म्हणजे कधी? कोण म्हणतं असं?" झालं! विषय तिथेच संपतो, आणि वर 'भांडकुदळ' हा शिक्का बसतो.

त्याऐवजी असं सांगून बघा: "आम्ही आणि ते एकाच टेबलावर तेच खोके भरतो. दिवसाचा आकडाही तेवढाच. त्यांचा रोज इतका, आमचा इतका. पुढच्या महिन्यापासून तो सारखा करावा." यात मुद्दा एकच आहे, त्याला पुरावा आहे आणि मागणी स्पष्ट आहे. आवाज चढवावाच लागत नाही.

आता समोरून काय उत्तर येईल? "आजवर असंच चालत आलंय." हे उत्तरच नव्हे, कारण जुनी चूक जुनी झाली म्हणून बरोबर ठरत नाही. "पुरुषांना घर चालवायचं असतं." घर कोण चालवतं हे कायदा विचारत नाही, काम काय आहे ते विचारतो. शिवाय कितीतरी घरं बायकाच चालवतात! "तुला परवडत नसेल तर दहा जणी रांगेत उभ्या आहेत." ही धमकी झाली, कारण नव्हे.

पण साहेब म्हणाले, "ते जड खोके उचलून गाडीत भरतात," तर मात्र थांबायला हवं. हा खरा मुद्दा आहे. ते रोज उचलतात की क्वचित? सगळे उचलतात की दोघंच? हे आपण आधीच पाहून ठेवलेलं असावं. समोरच्याच्या म्हणण्यात तथ्य असेल तर तेवढं मान्य करावं. त्याने आपली बाजू लंगडी पडत नाही, उलट बाकीच्या बोलण्याला वजन येतं.

काही जणी म्हणतील, आमच्या दुकानात आम्ही तिघीच, कसली समिती नि कसलं काय! खरं आहे. पण समान वेतनाचा नियम तिथेही लागू आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. तिथे तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यायची असते. लिहिता येत नसेल तर मदत करणं हे समितीचंच काम आहे.

बोलल्यामुळे नोकरीवर गदा येईल ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकटीने, रागाच्या भरात, व्हरांड्यात बोलू नये. दोघी-तिघींनी मिळून जावं. तारखा वहीत टिपून ठेवाव्यात. अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी.

आणि मैत्रिणींनो, अर्ज देण्यापूर्वी तो एखाद्या जवळच्या मैत्रिणीला वाचून दाखवा. तिला सांगा, "घटकाभर तू मालक हो आणि मला आडवे प्रश्न विचार." ज्या प्रश्नाला आपण अडखळू, त्याचं उत्तर आधी शोधायचं. मगच साहेबांच्या केबिनचं दार उघडायचं.