राष्ट्रपती कोणी निवडावा?

लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकीत आपले आईवडील मत देतात. मग राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांना मत का नसावे? घटना समितीतही हा प्रश्न निघाला होता. प्रत्येक प्रौढ नागरिकास हे मत असावे, असा आग्रह प्रा. के. टी. शहा यांनी धरला. तो मान्य झाला नाही. आणि माझ्या मते, झाले ते योग्यच झाले.

देशाचा कारभार पंतप्रधान व त्यांचे मंत्रिमंडळ चालविते. राष्ट्रपती त्यांच्या सल्ल्याने वागतात. कोट्यवधी मतांच्या बळावर राष्ट्रपती निवडून आले, तर 'मलाही लोकांनीच निवडले आहे' असे तेही म्हणू शकतील. एका घरात दोन कारभारी झाले म्हणजे काय होते, ते सांगावयास नको.

म्हणून हे काम निर्वाचकगणाकडे सोपविले आहे. संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्यच त्यात असतात. नेमलेल्या सदस्यांना मत नाही.

परंतु येथे सर्वांचे मत सारखे मोजत नाहीत. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागा, आणि जे येईल त्याला १००० ने भागा. उत्तर १७५ येते. हे आपल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य! उत्तर प्रदेशात ते २०८, तर चिमुकल्या सिक्कीममध्ये ७. सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज खासदारांत समान वाटतात; २०२२ साली प्रत्येकाच्या वाट्यास ७०० आले. अशा रीतीने राज्यांचे पारडे आणि संसदेचे पारडे सारखे राहते.

लोकसंख्या १९७१ चीच का? ज्या राज्यांनी लोकसंख्येस आळा घातला, त्यांचे वजन घटू नये म्हणून. हेतू चांगला खरा. पण इतकी जुनी शिरगणती कायमची पुरणार नाही, असे मला वाटते.

मतपत्रिकेवर पसंतीचे १, २, ३ असे आकडे घालावयाचे असतात. याचे महत्त्व १९६९ साली दिसले. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी व आपले चिंतामणराव देशमुख हे प्रमुख उमेदवार होते. पहिल्या पसंतीत गिरी सुमारे ८८,००० मतांनी पुढे होते, तरी निम्म्याहून अधिक मते कोणासच नव्हती. तेव्हा मागे पडलेल्यांच्या, आणि अखेरीस चिंतामणरावांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली. गिरी विजयी झाले, पण अवघ्या १४,६५० मतांनी. चिंतामणराव हरले, मात्र त्यांना मत देणाऱ्यांचे म्हणणे शेवटपर्यंत विचारात घेतले गेले. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या मतांना हा मान कोठे मिळतो?