प्रश्न कोणाला विचारावा?

दिव्यांग व्यक्तीशी आदराने कसे बोलावे, याची चर्चा महाराष्ट्रात बहुधा नामाभिधानापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ‘अपंग’ या रूढ शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे, असे पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये सुचविले. पुढे तो शब्द शासनव्यवहारात रुळला आणि 2022 मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन झाला. व्यंगावरून पडलेली हाक गावोगाव माणसाच्या खऱ्या नावाला पिढ्यान्‌पिढ्या गिळत आलेली असल्यामुळे हा बदल स्वागतार्हच होता. परंतु मराठीत आदर नामापेक्षा सर्वनामात आणि क्रियापदात अधिक उमटतो. म्हणून दाखल्यावर ‘दिव्यांग’ असे लिहून त्याच प्रौढ गृहस्थांना ‘ये रे, सही कर’ म्हटले जाते, तेव्हा नव्या शब्दाने साधलेले सारे त्या एका ‘रे’ने पुसले जाते.

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरील उंब्रज हे महामार्गालगतचे बाजारगाव असून चाफळ, मसूर या भागांतील लोकांचे तेथे येणेजाणे असते. अशा गावी बँकेत, दवाखान्यात किंवा एसटीच्या थांब्यावर दृष्टिहीन व्यक्ती मुलासोबत उभी असली, की ‘यांना काय पाहिजे?’ हा प्रश्न बहुधा मुलाला विचारला जातो. या वाक्यात ‘यांना’ हे आदरार्थी बहुवचन आहे, आवाजही सौम्य आहे. तरीही ज्याचे काम आहे तो माणूस संभाषणाबाहेर राहतो, कारण व्याकरणाच्या परिभाषेत त्याला द्वितीय पुरुषातून, म्हणजे ज्याच्याशी बोलले जाते त्या स्थानावरून, तृतीय पुरुषात ढकललेले असते. अवमान येथे हेतुपुरस्सर नसतो आणि म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 याच्या कलम 92 नुसार सार्वजनिक ठिकाणी मानखंडनेच्या हेतूने केलेला अपमान हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. पण सद्भावनेने केलेली ही उपेक्षा कोणत्याही कलमात बसत नाही.

तिच्यावरील उपाय साधे आहेत. दृष्टिहीनांशी बोलताना प्रथम स्वतःचे नाव सांगावे आणि त्यांचा हात ओढण्याऐवजी आपले कोपर पुढे करावे. कर्णबधिरांशी बोलताना दुभाष्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य स्वतः पूर्ण करू नये. चाकाच्या खुर्चीला विचारल्याविना हात लावू नये.

अतिस्तुती हेही दूर ठेवण्याचेच एक रूप आहे. 1965 च्या युद्धात जखमी झालेले आणि 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे 50 मीटर मुक्तशैली जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातील पेठचे, तर 2024 मध्ये पॅरिसला 16.32 मीटर गोळाफेक करून रौप्यपदक जिंकणारे सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातील करगणीचे. त्यांचा अभिमान या परिसराने बाळगावाच. मात्र पदकाविना जगणाऱ्यांना ‘जिद्द ठेवा’ असे सांगताना बँकेच्या पायऱ्या तशाच ठेवणे हा अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये निपुण मल्होत्रा प्रकरणात ‘पीडित’, ‘ग्रस्त’ अशा धर्तीची भाषा टाळावी असे म्हटले, तेही याच कारणाने: ती दोष व्यक्तीच्या शरीरात पाहते आणि समाजाने उभे केलेले अडथळे नजरेआड करते.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत, असा शासनाचा नियम आहे. त्या निधीतून काय घ्यायचे हे ठरविताना लाभार्थ्यांना ग्रामसभेत नावानिशी बोलावून, अहो-जाहो करून, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. साहित्यवाटपाच्या छायाचित्रासाठी त्यांना रांगेत बसविण्यापूर्वी एवढे तरी झालेच पाहिजे, कारण कोणाला कुबड्या हव्या असतील आणि कोणाला केवळ कार्यालयाच्या दारात उतार हवा असेल.